सुकडी कुणाच्या हातची

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही पुरतं नाही. वही माझी, अक्षर माझं, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं माझ्या नातीनं, सुजातानं, तपासलंय. एकदोन ठिकाणी ती वाक्यं सरळ करायला लागली तेव्हा मी वही ओढून घेतली. म्हटलं, बाई, तुझं कॉलेज तुझ्यापाशी ठेव. वाक्य वाकडं असलं तरी माझ्या पाठीसारखं ते माझंच आहे. हे प्रकरण लिहायचं मी दोनदा टाळलं. शाळा का सुटली, असं बाहेरच्या कुणी विचारलं की मी आजवर एका ओळीत सांगत आलो: दुष्काळ पडला, शाळा सुटली. ऐकणारा मान हलवतो आणि चहा पितो. ते खोटं नाही. पण त्या ओळीत माझी आय कुठंच नाही, आणि आता माझ्याकडं फार ओळी उरल्यात असंही वाटत नाही.

गाव केम स्टेशनपासून दोन कोसांवर. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडं. गावातले लोक तिला जातीच्या नावानं हाक मारायचे, ते नाव मी हितं लिहिणार नाही. आम्ही धम्म घेतला होता. भिंतीवर बुद्धाचा एक फोटो होता आणि फोटोखाली आयचा पिठाचा डबा. त्या वर्षी डबा वाजवला तर नगाऱ्यासारखा वाजायचा. आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. सकाळी वारा इकडचा असला की शंभर हातोड्यांचा आवाज घरात यायचा, सारखा, टक टक टक, आणि मधूनच केमला गाडी शिट्टी द्यायची. खायला सरकारी मिलो. तांबडं धान्य ते, त्याची भाकरी तव्यावरच तडकायची. आय ती पाण्यात बुडवायची, वर चिंचेचा कोवळा पाला मीठ-मिरचीत ठेचून घालायची आणि म्हणायची, "चावू नगंस, गिळ." माझी बहीण शेवंता सहा वर्षांची. ती गिळताना डोळे मिटायची. आजही मला कुणी भूक म्हटलं की पोट आठवत नाही, शेवंताचे मिटलेले डोळे आठवतात.

आयचं नाव रखमा. दुष्काळाआधी ती दर हिवाळ्यात बागायतदाराच्या गुऱ्हाळावर जायची. काहिलीतल्या रसाला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, पण काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारायला आमचीच माणसं लागायची. जाळाला बाट लागत नाही म्हणे. दहा-बारा वर्षं ती त्या भोकासमोर बसली. वर काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, म्हणून ती कानानं आणि नाकानं गूळ करायला शिकली. सांगायची, रस आधी वरडतो, मग कुजबुजतो, मग गप होतो. गप व्हायच्या एक दम आधी काहील उतरायची. गुळव्या वरनं विचारायचा, "रखमे, झालं का गं?" आणि ही खालनं सांगायची. गुळाची ढेप बाजारात गुळव्याच्या नावानं जायची. याचं आयला काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी तेव्हापासूनच तसला.

दुष्काळात शाळेतल्या पोरांना सुकडी सुरू झाली. गव्हाचं पीठ तेलात भाजायचं, गुळाच्या पाकात हाटायचं, परातीत थापून वड्या पाडायच्या. सामान ट्रकनं यायचं, करायचं गावानं. शाळेमागं पत्र्याची शेड होती, तिथं कामाला गावातल्या गोदाबाईंना ठेवलं. गोदाबाई विधवा, मूलबाळ नाही, भावकीनं टाकलेली बाई. चार भाकरी करणाऱ्या बाईला एकदम दीडशे पोरांची कढई. पहिल्या दिवशी पाक कच्चा राहिला, सुकडी डांबरासारखी बोटांना चिकटली. दुसऱ्या दिवशी पाक पुढं गेला आणि एका पोराचा हलता दात वडीतच राहिला. त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, "गोदाबाई, सुकडी देता का खडी? खडी फोडाया आमी रस्त्यावर जातोच की." तिसऱ्या दिवशी गुरुजींनी जाळ घालायला माझ्या आयला बोलावलं. जाळाला बाट लागत नाही, हे गुरुजींनाही माहीत होतं.

मग गुऱ्हाळासारखंच सुरू झालं. गोदाबाई वरनं विचारायच्या, "रखमे, किती येळ गं?" आय चुलीपाशी मान खाली घालून ऐकायची. "आजून वरडतोय. कुजबुजू द्या." सुकडी जमायला लागली. पुढं आठवडाभरानं पाक उतरताना गोदाबाईंच्या उजव्या हातावर सांडला, कोपरापर्यंत. सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि त्यांना परत भावकीच्या दारात उभं राहावं लागलं असतं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि आयकडं बघितलं. आय उठली, शेडच्या तोंडाला पोत्याचा पडदा ओढला आणि उलथणं हातात घेतलं. त्या दिवसापासून आय हाटायची आणि गोदाबाई खाली बसून डाव्या हातानं जाळ घालायच्या. बाहेर पाऊल वाजलं की दोघी जागा बदलायच्या. पुढं हात बरा झाला तरी पडद्याआडच्या जागा तशाच राहिल्या, कारण सुकडी फार चांगली होत होती. गावातले मोठे लोकही पोरांच्या हातून एखादी वडी मागवून घ्यायचे आणि म्हणायचे, गोदाबाईच्या हाताला चव आहे.

मला हे कळलं ते आयच्या हातावरून. जाळ घालणाऱ्या बाईच्या हाताला धुराचा वास येतो, आयच्या हाताला गुळाचा यायला लागला होता. मी विचारलं तेव्हा तिनं शेवंता झोपलीय का ते बघितलं आणि सगळं सांगितलं. वर म्हणाली, "पोटात ठेव, नाम्या. दोन घरं बसतील." मी चार महिने पोटात ठेवलं. पण रोज दुपारी त्या रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, ते कसं सांगू. आधी गावातली पोरं, मग आम्ही, वेगळे, भिंतीच्या सावलीबाहेर. वाटायला शाळेचे शिपाई गणपानाना. माणूस वाईट नव्हता, आमच्या पोरांना कधी कमी दिलं नाही. पण आमची पाळी आली की नाना उलथणं छातीइतकं वर धरायचे आणि वडी वरनं सोडायचे, ताटलीला उलथणं लागू नये म्हणून. वडी पडून फुटायची. गावातल्या पोरांच्या हातात चौकोनी वडी, आमच्या वाट्याला भुगा. माझ्या आयनं थापलेली, तिनंच सुरीनं कापलेली वडी माझ्या ताटलीत यायची ती फुटून. बोट ओलं करून मी भुगा टिपायचो आणि समोर ती पोरं वडी दातानं अर्धी करून एकमेकांना मापायला दाखवायची.

त्या दिवशी गुरुजींनी वर्गात परदेशातल्या काळ्या-गोऱ्या लोकांचं सांगितलं. तिथं म्हणे काळ्या माणसाला मोटारीत गोऱ्याच्या शेजारी बसू देत नसत. पाणी प्यायचा नळसुद्धा वेगळा. गुरुजी चांगलं शिकवायचे, हातवारे करून. वर्ग एकदम चिडला. पाटलाचा शिवा उठून म्हणाला, "गुरुजी, मग ती गोरी लई हरामी हायेत की!" गुरुजी हसले. दारात गणपानाना घंटेचा हातोडा हातात घेऊन ऐकत होते. तेही च् च् करत म्हणाले, "काय म्हणावं असल्या माणसांला. देवानं रगत तर एकच दिलंय की." खोटं नाही सांगत, नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुजींनी यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. माझ्या चौदा झाल्या. मला वाटलं आज काहीतरी झालंय, सगळ्यांनी मिळून काहीतरी ऐकलंय. आणि नानांनी डोळे पुसले, घंटा दिली आणि म्हणाले, "चला, सुकडी. गावातली हिकडं, बाकीची तिकडं."

रांगेत शेवंता माझ्या पुढं होती. मागं भिंतीपाशी रस्त्याच्या कामावरच्या पाच-सहा बाया लहान लेकरं घेऊन उभ्या होत्या. शाळेतली पोरं झाली की उरलेली परात त्यांच्या लेकरांना मिळायची. त्यातल्या दोन-तीन लेकरांना गावातल्या पोरांनी आधीच तुकडे दिले होते. नानांनी वरनं वडी सोडली, ती शेवंताच्या ताटलीच्या काठाला लागली आणि मातीत पडली. शेवंता वाकली आणि मातीतनं वेचायला लागली. तिनं डोळे मिटले होते की नाही ते मला दिसलं नाही. मी पुढं झालो, परातीत हात घातला, एक अख्खी वडी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"आरं ए! परात बाटीवली की रं!" नानांनी उलथणं फेकलं. "आता ह्या बायांच्या लेकरांला काय घालू, माती?"

मी म्हणालो, "नाना, ती आत्ता न्हाय बाटली. चार म्हयनं झालं बाटलीया. सुकडी माझी आय हाटतीया. तुमीबी रोज खाताय की."

कुणीतरी हसलं, मग हसणं थांबलं. भिंतीपाशी एका बाईच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोरगं होतं, त्याच्या तोंडात तुकडा होता. त्या बाईनं त्याच्या तोंडात बोट घातलं आणि तुकडा बाहेर काढायला लागली. पोरगं ओठ आवळून धरत होतं. गुरुजी धावत आले, गोदाबाईंना बोलावलं. दोघी शेडमधून बाहेर आल्या. गोदाबाईंचा हात पदराखाली गेला, आपोआपच. गुरुजींनी विचारलं, "गोदाबाई, सुकडी कोण करतं?" गोदाबाईंनी आयकडं बघितलं. आय माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या बाईच्या बोटाकडं बघत होती.

"खोटं बोलतंय, गुरुजी," आय म्हणाली. "मी जाळाबिगर कशाला हात लावत न्हाय. पोरगं हाय, चिडलंय." आणि माझ्यासमोर येऊन तिनं माझ्या थोबाडीत मारली.

हात चिकट होता. माझ्या गालाला गूळ लागला, पिठाचे कण लागले. सगळ्यांना दिसत होतं. नाना माझ्या गालाकडं बघत राहिले. मग त्यांनी खाली पडलेलं उलथणं उचललं, धोतराला पुसलं, मी हात लावलेल्या जागेच्या चार वड्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या परातीवर चुळकाभर पाणी शिंपडलं. म्हणाले, "आय म्हणती न्हाय, म्हणजी न्हाय." गुरुजींनी मान खाली घातली. त्या बाईनं बोट बाहेर काढलं. पोरगं चावायला लागलं.

मी दप्तर तिथंच टाकून घरी आलो. चौदा ओळींची वही त्यात होती. दिवस कलल्यावर आय आली. तिनं हात धुतले, दोनदा धुतले, आणि म्हणाली, "लेकरू उपाशी हुतं, नाम्या. त्येच्या तोंडातलं काढत हुती ती." मी म्हणालो, "आन मी?" ती म्हणाली, "तू खाल्लं हुतंस." मग तिनं चूल पेटवली. आबांनी सगळं ऐकलं होतं, पण हातोड्यानं त्यांच्या हातांना फोड आले होते, ते फोडांकडंच बघत बसले. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला. मी सांगितलं, आय तुमच्यापुढं खरं बोलली तर येतो. दुसऱ्या निरोपाच्या वेळी गुरुजी स्वतः ओढ्यापर्यंत आले होते असं मागनं कळलं. ओढ्याच्या अलीकडं नाही आले. आय दुसऱ्या दिवसापासून परत शेडवर गेली, सुकडी होत राहिली, शेवंता रांगेत उभी राहत राहिली. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव खात होतं. शाळेत तेवढा मी नव्हतो. त्याच उन्हाळ्यात मामाबरोबर सोलापूरला आलो आणि गिरणीच्या भोंग्यावर उठायला लागलो, ते गिरणी बंद पडेपर्यंत.

शेवटची दहा वर्षं आय माझ्याकडं सोलापुरात होती. नातवंडांना सुकडी करून द्यायची. डोळे गेल्यावरही करायची, गॅसपाशी स्टूल घेऊन कान लावून. चहा उकळला तरी कान द्यायची. तिनं कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. मीही नाही. दोघंही एकाच मातीचे. कधीतरी तिनं चार माणसांत म्हणावं, माझं पोरगं खरं बोललं होतं, एवढी माझी इच्छा होती. ती गेली तेव्हा तिला न्यायला आलेल्या माणसांतसुद्धा मी वेड्यासारखा वाट बघत होतो की म्हातारी उठून बोलेल. आता त्याचा राग नाही. राग धरायला अंगात बळ लागतं.

यंदा सीना नदीला पूर आला. सुजाता कॉलेजच्या पोरांबरोबर पूरग्रस्तांच्या मदतीला जाऊ लागली. तिला त्यावरच निबंधही लिहायचा होता, आपत्तीतली मदत आणि माणसामाणसांतली समानता. परदेशात पुराच्या वेळी काळ्या लोकांच्या वस्तीत मदत कशी शेवटी पोचते, ते तिनं मला वाचून दाखवलं. तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, आपत्ती सगळ्यांना सारखं करते. मी म्हटलं, पाणी करत असेल, ते ओसरल्यावर बघ. दोन दिवसांनी ती येऊन म्हणाली, "आजोबा, शाळेच्या एकाच व्हरांड्यात गाव एका टोकाला बसलंय आणि वस्ती दुसऱ्या टोकाला. कुणी सांगितलं नाही तसं. आपापलेच बसलेत." तिनं निबंधातलं ते पहिलं वाक्य खोडलं.

सोलापुरातल्या आमच्या वस्तीतल्या पोरांनी तांदूळ-डाळ गोळा केली आणि विहाराच्या अंगणात मोठी पातेली चढवली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी जाऊन उलथणं घेतलं. खिचडी मीच हाटली, कान लावून. मग पातेल्यांबरोबर टेम्पोत बसून पूरग्रस्तांना ठेवलेल्या त्या शाळेत गेलो. चिखलाचा वास, ओल्या गाद्या, भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याइतकी. सुजातानं गावाच्या टोकाकडून वाढायला सुरुवात केली. एक तरुण बाई पुढं आली, डोळे सुजलेले, कडेवर लेकरू. लेकराचा हात ताटलीत गेलाही होता. ती मला म्हणाली, "आजोबा, सैपाक कुटनं आलाय? कुणी केलाय?"

सुजाताचा डाव हवेत थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. ही गोष्ट तिनं माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेली. मी काय बोलणार ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पन्नास वर्षं मी तेच वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पोरगं तोंडात घास घालत होतं आणि आईकडं बघत होतं.

मी म्हणालो, "सोलापूरनं आलाय बाई. गरम हाय तवर खाऊ दे लेकराला."

त्या बाईनं कशासाठी विचारलं ते मला आजही माहीत नाही. कदाचित मीठ जास्त झालं असेल. तिनं मान हलवली आणि लेकराला घेऊन बसली. परतताना टेम्पोत सुजाता रिकाम्या पातेल्यांकडं तोंड करून बसली. मोहोळ मागं पडलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, तुम्ही? तुम्ही का नाही सांगितलं?"

"लेकरू उपाशी होतं," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

मी आयशी भांडलो ते चुकलो, असं मी म्हणणार नाही. आयचं बरोबर होतं, असंही म्हणवत नाही. फक्त त्या दिवशी घरी आल्यावर तिनं हात दोनदा धुतले होते, हे मला एवढ्या वर्षांनी टेम्पोत आठवलं.

तर हे हितं लिहून ठेवतो, आणि यातला एक शब्दही सुजातानं बदलायचा नाही. पुराच्या वेळी त्या शाळेत वाटलेली खिचडी माझ्या हातची होती. दुष्काळात आमच्या गावच्या शाळेत चार महिन्यांपेक्षा जास्त दिवस सगळ्या गावाच्या पोरांनी जी सुकडी खाल्ली, ती रखमाच्या, माझ्या आयच्या हातची होती. गोदाबाई जाळ घालत होत्या.